वस्तीवर दुसरे घर बांधताना

उमापूरच्या शिवारात शेतातले दुसरे घर बहुतेक एकाच कारणाने निघते. थोरल्याला दोन लेकरे झालेली असतात, धाकट्याची सोयरीक ठरलेली असते आणि दोन खणांच्या जुन्या घरात आणखी एक चूल मांडायला जागा नसते. गावात प्लॉट घ्यायचा तर गुंठ्याचा भाव ऐकून माणूस परत फिरतो. मग नजर आपल्याच रानाकडे जाते. विहीर आहे, कोठा आहे, रात्री जनावरांजवळ कुणीतरी हवेच आहे. तिथेच चार खोल्या काढू, असे ठरते. विचार रास्त आहे आणि कायद्यालाही तो मान्य आहे. पण विटा येऊन पडल्या, पाया आखला, की कुणीतरी बांधावरून विचारतो, ‘परवानगी काढली का?’ आणि ती नेमकी कुणाची काढायची असते, ग्रामपंचायतीची, तलाठ्याची की तहसीलदाराची, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

या लेखात त्याचीच उकल करायची आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या घराचे काम तहसीलमध्ये अडते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते सातबाऱ्यावर अडते. ज्यांच्या घरातली वाटणी कागदावर स्वच्छ आहे त्यांची परवानगी चार खेट्यांत होते. ज्यांची नाही, त्यांना अधिकारी कितीही चांगला भेटला तरी उपयोग नसतो.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या स्वतंत्रपणे दिली आहे. अवजारे, खत, कडबा, धान्य ठेवायची जागा, जनावरांचा कोठा, आणि जमीनधारकाच्या कुटुंबातली माणसे, गडी किंवा कूळ यांच्या राहण्याचे घर, एवढे सगळे तिच्यात बसते. कलम 41 नुसार शेतीसाठी जमीन धारण करणाऱ्याला अशी इमारत बांधण्याचा हक्क आहे. व्याख्येत ‘कुटुंबातली माणसे’ हे शब्द आहेत, म्हणजे जमीन वडिलांच्या नावावर आणि घर मुलाच्या संसारासाठी असले तरी ते शेतावरचेच घर ठरते. घर एकच असावे असेही या कलमात नाही. तिथे एक किंवा अधिक इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे.

हा हक्क सगळीकडे सारखा मोकळा नाही. महानगरपालिका आणि नगरपालिका यांच्या हद्दीत, त्यांच्या भोवतालच्या ठरावीक पट्ट्यात, आणि जिथे प्रादेशिक योजना किंवा नगररचनेचा आराखडा लागू आहे तिथे, बांधण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. उमापूर हे ग्रामपंचायतीचे गाव आहे, गेवराई तालुक्यातल्या एका महसूल मंडळाचे ठिकाण. नगरपरिषद आहे ती गेवराईला. म्हणून इथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारायचा तो नगररचना खात्याच्या बीडच्या कार्यालयात: माझा अमुक गट नंबर कोणत्याही प्रादेशिक योजनेच्या प्रारूपात किंवा मंजूर नकाशात येतो का? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. गट नंबर टाकून अर्ज द्या आणि झोन दाखला लेखी घ्या. हा एक कागद पुढच्या निम्म्या शंका संपवतो.

आराखड्याच्या क्षेत्रात परवानगी लागली तर तिच्या अटी नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या घराचे सगळे गणित त्यांच्यावर आहे. धारण केलेली शेतजमीन किमान 0.40 हेक्टर, म्हणजे 40 आर, आपल्या भाषेत साधारण एकर, असली पाहिजे. इमारत फक्त तळमजल्याची, जोत्यापासून 5 मीटरपर्यंत उंच. आणि राहत्या घरांचे जोत्याचे क्षेत्रफळ सगळी घरे मिळून 150 चौरस मीटरच्या वर जाता कामा नये. ‘सगळी घरे मिळून’ हे शब्द अधोरेखित करा. जमीन दीड एकराच्या पुढे असली तर इमारतींची एकूण मर्यादा वाढते, पण राहत्या घरांना मिळणारे 150 चौरस मीटर तेवढेच राहतात. वडिलांचे जुने घर 70 चौरस मीटरचे असेल तर मुलाच्या घराला 80 उरतात, म्हणजे सुमारे 860 चौरस फूट. पुष्कळ जण जुने घर नकाशात दाखवतच नाहीत. स्थळपाहणीला आलेल्या मंडळ अधिकाऱ्याला ते दिसतेच, आणि मग सरळ चाललेल्या अर्जावर शेरा पडतो. जुने घर दाखवा, त्याचे माप लिहा. कोठा कोठा म्हणूनच दाखवा. त्याला ‘खोली’ म्हटलेत तर तो राहत्या घराच्या हिशेबात धरला जाईल.

आणखी एक अट अशी आहे की ती बहुतेकांना सही करताना कळतच नाही. एखाद्याची जमीन दोन-तीन ठिकाणी विखुरलेली आहे, प्रत्येक तुकडा 40 आरपेक्षा लहान आहे, पण एकूण क्षेत्र तेवढे भरते. अशा माणसाला त्यातल्या एका तुकड्यावर घर बांधायची परवानगी मिळू शकते. मोबदल्यात बाकीचे तुकडे शेतावरच्या इमारतीसाठी कायमचे अपात्र ठरतात. आज थोरल्यासाठी नदीकडच्या तुकड्यावर परवानगी घेतली की उद्या धाकट्यासाठी गावाजवळच्या तुकड्यावर मिळणार नाही. म्हणून कोणत्या तुकड्यावर अर्ज करायचा हे सगळ्या भावांनी एकत्र बसूनच ठरवायला हवे.

आता दुसरी वाट. संहितेच्या कलम 42 मध्ये एक सवलत आहे: शहरी नसलेल्या भागात स्वतःच्या खऱ्याखुऱ्या राहण्यासाठी शेतजमिनीचा काही भाग बिनशेती वापरात आणायचा असेल तर आधी बिनशेतीची परवानगी लागत नाही. सरकारने अधिसूचनेने वगळलेली आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे याला अपवाद आहेत. मात्र वापर बदलल्यापासून 30 दिवसांत तलाठ्याला आणि तहसीलदाराला लेखी कळवावे लागते. न कळवल्यास दंड होतो. याच कलमात 40 चौरस मीटरपर्यंतची पिठाची गिरणी किंवा किराणा दुकान यांनाही सूट आहे, पण रस्त्याच्या नियंत्रण रेषेच्या आत नाही. ‘घरापुढे एक गाळा काढू’ असे ज्यांच्या मनात असते, त्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

दोन्ही वाटांत फरक काय? कलम 41 मधले घर शेतीचाच भाग राहते; जमीन शेतीचीच, आकारणी शेतीची. कलम 42 च्या वाटेने गेलात तर तेवढी जागा बिनशेती होते. ज्याला शेतीच करायची आहे आणि घर घरच्या पैशांतून बांधायचे आहे, त्याने पहिलीच वाट धरावी. ज्याला बँकेचे गृहकर्ज हवे आहे, त्याने दुसरी. शेतावरचे घर म्हणून बांधून नंतर ते भाड्याने लावणे किंवा तिथे धाबा काढणे हा परवानगीचा भंग आहे. त्याबद्दल दंड होतो आणि वापर बंद करायचा आदेशही निघू शकतो.

तुमची जमीन गावठाणाला लागून असेल तर तुम्ही आणखी सुदैवी. कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी रूपांतरित झाल्याचे मानले जाते. तहसील कार्यालयात चौकशी करायची, लागू असेल ती रक्कम भरायची आणि तसा कागद घ्यायचा. 200 मीटर मोजायचे ते गावठाणाच्या नकाशातल्या हद्दीपासून, शेवटच्या घरापासून नव्हे. गाव वाढत वाढत कुठपर्यंत आले आहे हे डोळ्यांना दिसते, कागदावरचे गावठाण मात्र जुन्या वेशीपाशीच थांबलेले असते. भूमी अभिलेखच्या गेवराई कार्यालयातून नकाशा काढा आणि मगच खूश व्हा. संहितेतल्या बिनशेतीच्या कलमांत गेल्या दहा-बारा वर्षांत सारखे बदल झाले आहेत, त्यामुळे अर्जाच्या दिवशी चालू असलेला नमुना आणि चालू दर तहसीलमधूनच घ्यावेत, शेजाऱ्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या फायलीवरून नव्हे.

राहिली ग्रामपंचायत. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 ने गावठाणातल्या बांधकामाला परवानगी देण्याचे काम तिच्याकडे आहे. ग्रामविकास विभागाने 2021 मध्ये लहान घरांसाठी ही पद्धत सोपी केली: 1600 चौरस फुटांपर्यंत नकाशा, मालकीचा कागद, अभियंत्याचा दाखला आणि ठरलेले शुल्क भरले की वेगळ्या परवान्याची वाट पाहायची नाही. ही सवलत निवासी भूखंडासाठी आहे. शेताच्या मधोमध बांधणाऱ्याने ती आपल्याला लावून घेऊ नये. शेतातल्या घराची नोंदही ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला होते, घरपट्टी लागते, आणि ती लावून घ्यावीच. वीज, नळ, रेशनकार्ड सगळीकडे तो उतारा मागतात. पण नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि महसुली परवानगीही मिळत नाही. ‘सरपंचाने सही दिली आहे’ या भरवशावर स्लॅब टाकणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

सातबारा आधी, आराखडा नंतर

आता मुख्य मुद्दा. अर्ज कुणी करायचा? ज्याचे नाव भोगवटादार म्हणून सातबाऱ्यावर आहे त्याने. हे ऐकायला सोपे वाटते. पण आपल्याकडच्या कितीतरी सातबाऱ्यांवर वारलेल्या आजोबांचे नाव अजून आहे, नाहीतर वारस लागले आहेत पण वाटणी झालेली नाही आणि एकाच उताऱ्यावर दहा-बारा नावे आहेत. तोंडी वाटणी वीस वर्षांपूर्वी झाली, बांध पडले, ज्याचे तो कसतो. कायद्याच्या नजरेत मात्र प्रत्येक गुंठ्यात प्रत्येकाचा हिस्सा आहे. अशा जमिनीवर एकाने घर बांधले की ते सगळ्यांच्या जागेत बांधलेले असते. दुसऱ्या चुलत्याने हरकत घेतली तर तहसीलदार अर्ज बाजूला ठेवतो आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आला तर काम जोत्यावर थांबते.

उतारा काढला की तीन गोष्टी तपासा. वारसांची नोंद पूर्ण आहे का. बहिणींची नावे लागली आहेत का. आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे.

बहिणींच्या बाबतीत अजूनही गावोगावी गैरसमज आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना सहदायादीचा हक्क दिला, 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर झाला, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. तेव्हा ‘लग्नात दिले-घेतले, आता तिचा काय संबंध’ हे वाक्य घरात चालेल, तहसीलमध्ये चालत नाही. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. रक्षाबंधनाला साध्या कागदावर घेतलेली सही उपयोगाची नाही. आणि तिला सोडायचा नसेल तर तिचा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यात घर आखा. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. घर बांधून झाल्यावर उपटलेला वाद जास्त महाग पडतो.

सगळे एकमताने वाटणीला तयार असतील तर कलम 85 खाली तहसीलदाराकडे संमतीचा वाटप अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र, 100 रुपये, आहे आणि 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा वाटणीपत्रांची नोंदणी फीही माफ करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे खर्चाचे कारण आता उरलेले नाही. वाटणीनंतर पोटहिस्सा मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. मोजणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण मोजणीच्या दिवशी शेजारचे खातेदार हजर ठेवायचे काम तुमचेच. मराठवाड्यात गट पाडताना नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ अनेक ठिकाणी बसलेला नाही. आपण जिथे तीस वर्षे नांगर धरला तो भाग नकाशात शेजाऱ्याच्या गटात निघतो. हे पाया खोदण्याआधी कळलेले बरे.

वाटणी करताना एक चूक हमखास होते: घरापुरते पाच गुंठे वेगळे तोडून धाकट्याच्या नावावर करायचे आणि बाकी शेती सामाईक ठेवायची. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा हे होऊ देत नाही. 2023 च्या अधिसूचनेनुसार आपल्या जिल्ह्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे. त्याहून लहान हिस्सा पाडता येत नाही. मेव्हण्याला तीन गुंठे नोटरीवर लिहून देणे हा तर शुद्ध पैशाचा नाश. मार्ग असा, की घर प्रत्येकाच्या पूर्ण हिश्श्याच्या आत बसेल अशी वाटणी करायची. 2024 च्या नियमांनी काही अपवाद दिले आहेत, त्यातला एक ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला 1000 चौरस फुटांपर्यंतच्या जागेचा आहे, पण त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

‘इतर हक्क’ हा रकाना आणि भोगवटादाराचा वर्ग यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्याच्या खुणा सातबाऱ्यावर अजून आहेत. खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन. मदतमाश हा निर्वाहासाठी दिलेल्या इनामाचा वेगळा प्रकार, त्याचे नियमही वेगळे. शिवाय सीलिंगमध्ये वाटप झालेली, पुनर्वसनात मिळालेली, कुळकायद्यात आलेली जमीन असते. यातली बरीच भोगवटादार वर्ग 2 ची आहे. तिच्यावर घर बांधण्याआधी, वाटणी करण्याआधी किंवा बिनशेती करण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, बऱ्याचदा नजराणा भरावा लागतो. देवस्थानाच्या खिदमतमाश जमिनीवर वैयक्तिक घर बांधायचा विचारच करू नका. शंका असेल तर 1954-55 चे खासरा पत्रक काढा. मराठवाड्यातल्या जमिनीचा मूळ स्वभाव त्या पत्रकात दिसतो. आजचा संगणकावरचा उतारा काही वेळा तो लपवतो.

जागा कुठली निवडायची

पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. त्याच्या आणि वितरिकांच्या कडेला पाटबंधारे खात्याने संपादित केलेला पट्टा असतो. तिथे बांध घातलेला असेल, ज्वारी उगवत असेल, तरी तो पट्टा तुमचा नाही. घर त्याच्या बाहेर आणि पाझराच्या जागेपासून दूर हवे. गोदाकाठच्या शिवारात पूररेषेची चौकशी केल्याशिवाय पाया खोदू नका. जायकवाडीतून मोठा विसर्ग झाल्यावर काय होते, हे नदीकाठच्या गावांनी 2006 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2025 च्या सप्टेंबरमध्ये पाहिले आहे. निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम चालत नाही; आणि चालले असते तरी करू नये.

रस्त्याकडेला जागा असेल तर रस्त्याच्या दर्जाप्रमाणे मध्यापासून ठरावीक अंतर सोडावे लागते. रस्ता ग्रामीण आहे, जिल्हा मार्ग आहे की राज्य मार्ग हे बांधकाम विभागाला किंवा जिल्हा परिषदेला विचारा. उद्या रुंदीकरण आले तर बिनापरवाना भिंतीची भरपाई मागताना तुमचीच अडचण होईल.

रस्त्याला न लागलेल्या जमिनीचा प्रश्न उलटा असतो: घरापर्यंत जायचे कसे? शेतात बैलगाडी जाते म्हणून घराला रस्ता आहे असे होत नाही. चुलत्याने नांगरताना वाट मोडली, की पावसाळ्यात बाळंतीणबाईला खाटेवर घालून आणावे लागते. वाटणीपत्रातच रस्ता लिहा, रुंदीसह, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवा. शेजाऱ्याच्या हद्दीवरून वाट हवी असेल तर संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे मागता येते. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे, पण तिथे अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो.

काळ्या जमिनीबद्दल गवंड्यापेक्षा अभियंत्याचे ऐका. आपली कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तीन फुटांच्या पायावर उभी केलेली भिंत दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तडकते. मुरूम लागेपर्यंत पाया न्या, जोत्याला सलग बीम घाला, आणि मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगीर टोक असलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा विचार करा. परवानगीच्या नकाशावर सही करणारा अभियंताच हे सांगू शकतो. त्याची फी फक्त सहीसाठी देऊ नका. शौचालयाचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान 18 मीटर दूर ठेवा. शेतात जागा भरपूर असते, तरी खड्डा विहिरीशेजारीच का खोदला जातो हे मला आजवर कळलेले नाही.

वीज, कर्ज, घरकुल

मोटारीच्या जोडणीवरून घरात बल्ब, पंखा, टीव्ही लावणे हा वीज कायदा, 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरू शकतो. शिवाय शेतीच्या फीडरला वीज दिवसातले काही तासच असते; त्यावर संसार चालत नाही. महावितरणकडे घरगुती जोडणीचा वेगळा अर्ज करा. खांब किती लांब आहे यावर खर्च ठरतो, म्हणून घराची जागा नक्की करण्याआधी अंदाजपत्रक मागा. मीटर मिळाले म्हणजे घर कायदेशीर झाले, असे समजू नका.

बँक कर्ज देताना बोजा सातबाऱ्यावर चढवते. सामाईक उतारा असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते, आणि ज्याला घर मिळणार नाही त्याने आपल्या हिश्श्यावर बोजा का घ्यावा, हा त्याचा प्रश्न योग्यच असतो. इथेही शेवटी वाटणीच आडवी येते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, राज्याने 2025 मध्ये त्यात 50 हजारांची भर घातली, आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असावे लागते. मुलाला त्याच्या नावाने लाभ घ्यायचा तर त्याचे कुटुंब स्वतंत्र नोंदलेले आणि जागेचा कागद हवा. वडिलांच्या जमिनीत बांधायचे असेल तर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, संमतीपत्र कोणत्या नमुन्यात घेतात ते आधी विचारा. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू स्वामित्वधन न भरता मिळण्याची तरतूद आहे. ती परवान्यानेच घ्या. गोदावरीच्या वाळूवरून या तालुक्यात किती कारवाया होतात हे कुणाला सांगायला नको. ट्रॅक्टर पकडला गेला तर घरमालकालाही जबाब द्यावा लागतो.

अर्ज आणि त्यानंतर

अर्जाला लागणारी कागदपत्रे फार नाहीत: चालू सातबारा आणि 8-अ, जमीन तुमच्या नावावर ज्या फेरफाराने आली त्याची नक्कल, गट नकाशा किंवा मोजणीची प्रत, घराची जागा दाखवणारा नकाशा, बांधकामाचा आराखडा अभियंत्याच्या सहीसह, सहहिस्सेदारांची संमती, झोन दाखला आणि जमीन कोणत्याही प्रकल्पासाठी संपादनात नसल्याचे प्रतिज्ञापत्र. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. त्याशिवाय अर्ज दिलाच नाही असे धरा. सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित असेल तर मुदत उलटल्यावर अपील करता येते, पण ते पोचपावती असणाऱ्यालाच. तलाठ्याचा, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, अहवाल आणि मंडळ अधिकाऱ्याची स्थळपाहणी यांवर निर्णय अवलंबून असतो. पाहणीच्या दिवशी घराच्या चार कोपऱ्यांना खुंट्या मारून ठेवा आणि स्वतः हजर राहा. कपाशी कमरेएवढी असताना पाहणी झाली तर तिथे काय आहे आणि काय नाही हे कुणालाच दिसत नाही.

जिथे पूर्वपरवानगी लागत नाही तिथेही मी एक पत्र द्यायला सांगेन: अमुक गटात, अमुक मापाचे, कुटुंबाच्या राहण्यासाठी शेतावरचे घर बांधत आहे, नकाशा सोबत. तलाठी आणि तहसीलदार दोघांना, पोच घेऊन. काम पूर्ण झाल्यावर घराखालच्या क्षेत्राची नोंद पोटखराब म्हणून करून घ्या आणि नमुना 8 ला घर लावा. पुढे संपादन आले, पुराची नुकसानभरपाई आली किंवा भावाभावांत बिनसले, तर या कागदांच्याच आधारे बोलता येते.

वेळेबद्दल एक सांगायचे राहिले. आपल्या तालुक्यातली हजारो माणसे दसरा झाला की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सातबाऱ्यावरचा एक सहहिस्सेदार जरी कोयत्यावर गेला, तरी संमतीपत्र, वाटप जबाब आणि नोंदणी कार्यालयातला अंगठा सगळे सहा महिने लांबते. बांधकामाला उन्हाळा चांगला, पण सह्यांना श्रावण-भाद्रपद चांगला. बहिणी पंचमीला आणि गौरी-गणपतीला माहेरी येतात, भाऊ गावातच असतात. येत्या उन्हाळ्यात घर बांधायचे असेल तर वाटणीचा अर्ज आणि सगळ्यांच्या सह्या या दसऱ्याच्या आत करून घ्या.